नारळाएवढी पिशवी

कुमुदवहिनी मला कधी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या आणि तिच्या घरामध्ये चिऱ्यांचा एक बुटका गडगा आहे. त्या गडग्यापलीकडून आधी शिलाई मशीनचा आणि मग तिच्या तोंडाचा आवाज आलटून पालटून यायचा. मशीन थांबलं की तोंड सुरू. दोन्हींपैकी मशीन बरं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणत होती. आता वहिनी मुलीकडे फोंड्याला गेली, मशीनही टेम्पोत घालून नेलं, आणि गडगा मुका झाला. लोक म्हणतात तशी मला तिची आठवण वगैरे येत नाही. फक्त कपाटातून एखादा ड्रेस काढला की हात आपोआप त्याची कड उलटून बघतो, आणि मग माझा मलाच राग येतो.

ही खोड तिची. कोणाचाही कपडा बाहेरून बघणं तिला कमीपणाचं वाटायचं. बाजारात, देवळात, बाराव्याच्या जेवणाला, कुठेही माणूस भेटलं की "कशी आसस?" विचारता विचारता तिचा हात समोरच्याच्या बाहीकडे किंवा पदराआडच्या ब्लाउजच्या कडेला जायचा, आणि कड उलटी व्हायची. आतली शिलाई बघून ती तोंड वाकडं करायची. "भायरसून सगळीच बरी दिसतत. भितर कशी आसा ती बघूक जाय." हे ती कपड्याबद्दलच बोलायची, पण ऐकणाऱ्याला ते तसं वाटायचं नाही. मी पेडण्याला बँकेत नोकरीला होते तेव्हा एकदा बसस्टॉपवर, आमच्या सगळ्या हळर्ण गावाच्या देखत, तिने माझ्या कुर्त्याची बाजू उलटली आणि म्हणाली, "नलू, हे लोंबते धागे घेवन तू बँकेत बसतंस? आणि लोक तुज्याकडे पैसे ठेवतत?" बस येईपर्यंत मी उन्हात जाऊन उभी राहिले.

तिच्या घरात बाहेरून शिवलेला कपडा येत नसे. ती शिरगावची, खाणींच्या लाल धुळीत वाढलेली, त्यामुळे रंग सोडणाऱ्या आणि दोन धुण्यांत मान टाकणाऱ्या कापडाचा तिला जन्माचा राग. नवऱ्याच्या शर्टांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं ती स्वतः बेतायची आणि शिवायची. हे कौतुकाचं आहे असं वाटत असेल तर तिचं घर बघायला हवं होतं. मिक्सरला टोपी होती. गॅसच्या सिलिंडरला झालरीचा फ्रॉक होता. टीव्हीला दोन डगले होते, एक रोजचा आणि एक गणेशचवथीचा. घरात उघडं म्हणून एक मांजर तेवढं फिरायचं.

दाराच्या मागे खिळ्यांना खाकी कागदाचे बेत, म्हणजे कापड कापायचे नमुने, टांगलेले असायचे. घरातल्या प्रत्येक माणसाचा एक. पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर, सगळे तुकडे दोऱ्यात ओवून. तिचे यजमान मधुकरदादा पाळी गावच्या खाणीवर सुपरवायझर होते. खाण बंद पडली, ते घरी बसले आणि त्यांचं पोट पुढे आलं. पोट वाढलं की वहिनी त्यांच्या कागदाला बाजूने आणखी एक पट्टी चिकटवायची, आणि नवं माप गडग्याच्या अलीकडे ऐकू येईल अशा आवाजात म्हणायची. दादा हसायचे. त्या घरात हसणारं माणूस ते एकच होतं.

शिकायला कोणी आलं की वहिनी त्याला आधी कात्री देत नसे. एखादा जुना कपडा पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, "आदी उसव." कसा शिवलाय ते उसवल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. गावातल्या मुली हौसेने यायच्या, आठवडाभर उसवत बसायच्या आणि कंटाळून फोनवर बघून शिकू म्हणून निघून जायच्या. वहिनीला त्याचं काही वाटत नसे. गेलेल्या मुलींची नावं ती पुन्हा घेतही नसे.

आमच्यापासून तीन घरं सोडून सरिता राहते. विमानतळाच्या निमित्ताने इकडे रस्ते आले, जमिनींना भाव आले, आणि सरिताच्या सासऱ्यांची काजूची बाग विकली गेली. तेव्हापासून सरिता चालताना जरा हळू चालते, लोकांना नीट बघता यावं म्हणून. तिने मुलाचं लग्न मोठ्या हॉलमध्ये केलं. नवरी दोडामार्गाकडची, प्राजक्ता नाव. नवरीचा ब्लाउज किनाऱ्यावरच्या एका बुटीकातून करून आणलेला, पाठीवर मोर, बाहीवर मोर, जागा उरली तिथे मोराची पिसं. स्टेजवर फोटोसाठी रांग लागली होती. वहिनीची पाळी आली. तिने पाकीट दिलं, नवरीचा हात हातात घेतला आणि कॅमेऱ्यासमोर बाही उलटली.

"ह्यो मोर बघ," ती म्हणाली, "पोटातसून आतडी लोंबतत तेची."

सरिताचा चेहरा पडला. पण नवरी हसली. आणि लग्नानंतर चारेक दिवसांनी तोच ब्लाउज पिशवीत घालून ती वहिनीच्या दारात आली, आतली शिलाई नीट कशी करायची ते दाखवा म्हणाली. वहिनीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आदी उसव." मोरांसकट उसवायला सांगितलं. ती पोर ओसरीवर बसून खरोखरच उसवत होती. मी गडग्यावरून बघितलं आहे.

सरिताने हे मनात ठेवलं. आणि त्याआधीचंही एक तिच्या मनात होतंच, ते ब्लाउजपिसाचं.

आपल्याकडे सवाशणीची ओटी भरतात त्यात नारळ, तांदूळ आणि ब्लाउजपीस असतो. हा पीस शिवण्यासाठी नसतो, देण्यासाठी असतो, हे सगळ्या बायकांना माहीत आहे. पेडण्याच्या बाजारात दुकानदारही विचारतो, "स्वतःला हवा की देण्याघेण्यातला?" देण्याघेण्यातला म्हणजे जाळीसारखं विरळ कापड. मी आलेला तुला देते, तू तिला देतेस, तिच्याकडून तो चवथीपर्यंत फिरून माझ्याकडे येतो. घडी मोडायची नाही एवढाच नियम. या नियमावर आमच्या गावातला सगळा मानपान वर्षानुवर्षं सुखाने चालला होता.

कुमुदवहिनीने घडी मोडली. ओटीत आलेला प्रत्येक पीस ती शिवायला लागली, आणि नुसती शिवून थांबली नाही. ज्या बाईने जो पीस दिला तिच्याच घरच्या पुढच्या कार्याला ती तो ब्लाउज घालून जायची. सरिताकडे सत्यनारायण होता. वहिनी आरतीला हात वर करून उभी राहिली आणि बगलेतून कापड फर्र करून फाटलं. दुसरी कोणी असती तर पदर ओढून घरी पळाली असती. वहिनीने आरती पुरी होऊ दिली, मग हात तसाच वर ठेवून सगळ्या बायकांना फाटलेली जागा दाखवली.

"हो तुजो पीस, सरिता. शिलाय बघ, शिलाय आसा तशीच आसा. कापड गेला."

त्या दिवसानंतर गावातल्या बायका वहिनीच्या ओटीसाठी वेगळा पीस आणायला लागल्या, बरा, दाट विणीचा. बाकीच्यांना पूर्वीचेच. देवीच्या ओटीलासुद्धा पूर्वीचाच, कारण देवी काही हात वर करून दाखवत नाही. आमच्या बायकांची श्रद्धा कशी असते ते मी इथे लिहीत नाही, ज्याने त्याने समजून घ्यावं.

वहिनीची फजिती मी एकदाच बघितली, आणि ती मनसोक्त बघितली. मुलीने तिला स्मार्टफोन दिला. त्यात परदेशातल्या कुठल्याशा बाईची बाजाराची पिशवी वहिनीला आवडली. बेताचा कागद त्यातच मिळत होता, तो छापून घ्यायचा आणि त्यावरून कापायचं. वहिनी पेडण्याला झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि छापून घेऊन आली. कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन होता आणि कापण्याआधी हा मोजून बघा, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. मी ते वाचून सांगितलं.

"माका मोजूक शिकयतंस?" ती म्हणाली.

आयुष्यभर दुसऱ्यांची मापं काढणाऱ्या बाईने ते माप घेतलं नाही. झेरॉक्सवाल्याने सगळा बेत पानात मावेल असा बारीक करून छापला होता. वहिनीने दोन दिवस खपून, दुहेरी अस्तर लावून, मजबूत बंद जोडून पिशवी शिवली, आणि ती पिशवी बाजारातल्या वांग्यांच्या एका वाट्यालाही पुरेना. मधुकरदादा ती बोटावर अडकवून ओसरीवर फिरले. "बरा झाला," ते म्हणाले, "आता बाजार एकेक वांग्यान हाडूया." मी गडग्याला टेकून हसत होते. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

वहिनी हसली नाही. ती आत गेली, एक सोललेला नारळ घेऊन आली आणि पिशवीत सोडला. तो असा बसला की शेंडी तेवढी वर राहिली.

"नारळाचीच करूक होती," ती म्हणाली, आणि त्यावर तिने शेवटपर्यंत माघार घेतली नाही.

उलट त्या संक्रांतीला तिने हळदीकुंकवाचं वाण म्हणून त्याच चुकलेल्या बेतावर पिशव्या शिवल्या. बाकीच्या घरी प्लास्टिकचे डबे आणि स्टीलच्या वाट्या मिळत होत्या. वहिनीने प्रत्येक बाईला तिनेच कधीकाळी दिलेल्या पिसाची पिशवी दिली. कोणता पीस कोणाचा हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. सरिताची पिशवी त्या आरतीला फाटलेल्या ब्लाउजची होती, आतून जाड अस्तर लावून अशी बांधलेली की आता बैलानेही फाटली नसती. "तुजोच पीस," वहिनी प्रत्येकीला सांगत होती, "आता टिकतलो." बायका लाल झाल्या, पण वाण नाकारता येत नाही. माझी ओटी कोणी भरत नाही आणि मी कोणाची भरत नाही, मी लग्नच केलेलं नाही. मला पिशवी मिळाली नाही. "तुजो पीस ना, तुका पिशी खंयसून?" वहिनी म्हणाली.

मग झालं असं की पिशवी उपयोगी निघाली. ओटीचा नारळ पदरात सांभाळत घरी आणण्यापेक्षा त्यात बरा बसायचा. देवळात जाताना देवीचा नारळही त्यातून न्यायला सोपा. दाराआड वहिनीच्या नावाने बोटं मोडत आमच्या बायका ती पिशवी हातात घेऊन हिंडू लागल्या. वर्षभरात कार्य कोणाचंही असो, बसलेल्या बायकांच्या मांडीवर तीच पिशवी दिसायची.

पुढच्या पावसाळ्यात मधुकरदादा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि इस्पितळात पोचेपर्यंत संपले. बायका आल्या, रडल्या, बाराव्याला जेवल्या. आणि त्यानंतर कुमुदवहिनीची ओटी बंद झाली.

रीत ही आमच्या बायकांची मोठी सोयीची वस्तू आहे. बाकीच्या सगळ्या रिती यांनी वॉशिंग मशीनमध्ये घालून केव्हाच धुऊन काढल्या. चवथीच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, बाजारातून येतात, सोवळं कोणाला आठवत नाही, देवाचं फूलसुद्धा फ्रिजमधलं. पण वहिनीच्या बाबतीत एकदम सगळ्यांना शास्त्र आठवलं. "आमी काय करतलों गो, रीतच तशी," सरिता मला म्हणाली, आणि म्हणताना तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते धर्माचं नव्हतं. बगलेतल्या त्या फाटक्या पिसाचा हिशेब तिला असा फुकटात चुकता करायला मिळाला होता. आणखी एक सोय झाली. आता घडी मोडणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे जाळीचे पीस पुन्हा निर्धास्त फिरू लागले.

कार्याचं बोलावणं मात्र वहिनीला यायचं. तेवढी आमची माणसं सुसंस्कृत आहेत. जागा बदलली एवढंच. प्रत्येक घरात दाराजवळ दोन-चार खुर्च्या असतात, ज्यांच्यापुढे ओटीचं ताट येत नाही अशांसाठी. माझी त्यातली एक ठरलेली. मला तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात, मला ती चालते. आता शेजारच्या खुर्चीवर कुमुदवहिनी येऊन बसू लागली. पहिल्या दोन वेळा तिने कोणाची कडही उलटली नाही. घरीही मशीन बंद होतं. गडग्यापलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि मला त्याचा त्रास व्हायला लागला, हे मी कबूल करते.

तिसऱ्या वेळी ताट आमच्या अलीकडच्या बाईपाशी थांबून मागे फिरलं तेव्हा ती माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "पिसाचा माका काय पडला ना गो, नलू. कचरोच तो. पण ताट माज्या फुडसून परत जाता मगे, तेवां माका दिसता मी थंय बसलंयच ना."

आपण तिथे नाहीच, असं तिला वाटत होतं. मी तिथे कायमचीच बसलेली.

प्राजक्ता तेवढी तिच्याकडे जात राहिली. सरिताला ते खपत नव्हतं, पण सुनेशी उघड भांडण म्हणजे गावात बोभाटा, म्हणून ती गप्प होती. काही दिवसांनी मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो वहिनीचा नव्हता, अडखळत चालणारा होता. मधूनमधून ऐकू यायचं, "उसव. परत उसव." ते ऐकून मला बरं वाटायचं.

नंतर सरिताच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घर म्हणजे सगळीकडे काच आणि लादी अशी की पाय घसरायची भीती. दाराला ऑनलाइन मागवलेलं जरीचं तोरण. बायका भिंतीला धरून ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर ती पिशवी. आम्ही दोघी दाराजवळच्या खुर्च्यांवर. वहिनीच्याही मांडीवर पिशवी होती, ती पहिलीच, झेरॉक्सच्या चुकीची. ती तिच्यात चष्मा आणि छोटी कात्री ठेवून सगळीकडे नेत असे. आज कात्री आणि चष्मा काढून तिने पदराला गुंडाळले होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

सरिताचा गुडघा दुखत होता म्हणून ताट प्राजक्ताच्या हातात होतं. सरिता मागून नावं सांगत होती. प्राजक्ता एकेकीपुढे वाकायची, कुंकू लावायची, पिशवीत नारळ सोडायची, वर पीस ठेवायची. ओळ संपली. शेवटच्या बाईनंतर दोन पावलांवर आम्ही होतो.

"गो, थंय ना. हय परत ये," सरिताने तिला मागे बोलावलं.

प्राजक्ता पुढे आली. ती कुमुदवहिनीपुढे वाकली आणि म्हणाली, "काकी, पिशी उघडा."

वहिनीने पिशवी उघडली. प्राजक्ताने नारळ आत सोडला. खोलीत एकीने खोकला काढला, एकीने पदर नीट केला.

"अगो, तुका कळूक ना?" सरिता लंगडत पुढे आली. "ते..."

"पिशी होती ना मांडयेर, आई," प्राजक्ता खाली मान घालून म्हणाली. "ज्येंच्याकडे पिशी आसा त्येंका मी दितंय. माका तसाच वाटला."

तिला तसं वाटलं असेल का, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. वहिनीचं कपाळ मोकळं होतं आणि पोरगी आंधळी नाही. पण तिच्या तोंडावर चूक झालेल्या माणसाचा भाव इतका चोख होता की सरितालाही काही करता आलं नाही. ओटीत पडलेला नारळ परत काढत नाहीत. ही रीत सरितालाही ठाऊक होती, आणि आता तिला तीही पाळावी लागली.

प्राजक्ताने पीस पुढे केला. वहिनीचे डोळे भरून आले होते. आता ही बाई रडणार आणि आमच्या बायकांना वर्षभर पुरेल एवढी शिदोरी मिळणार, असं मला वाटलं. वहिनीने पीस हातात घेतला, घडी मोडली, काचेच्या भिंतीकडे धरून उजेडात बघितला, बोट ओलं करून कोपरा चोळला. बोट हिरवं झालं. तिने पीस घडी घालून ताटात परत ठेवला.

"नारळ बरो आसा," ती म्हणाली. "पीस शिवूचो न्हय. बरो हाड, मागीर दी."

"हाडतंय, काकी," प्राजक्ताने बरा पीस आणायचं कबूल केलं.

वहिनीने तिची बाही धरली आणि कड उलटली. ब्लाउज प्राजक्ताने स्वतः शिवलेला होता. वहिनीने आतली शिलाई काखेपर्यंत बघितली आणि बाही खाली सोडली. तिला नाव ठेवायला काही सापडलं नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

चहाला ती थांबली नाही. दारात सरिता उभी होती, बाजूला व्हावं की हात जोडावेत हे न कळून. वहिनीने वर बघितलं. जरीच्या तोरणाचा एक धागा लोंबत होता. तिने पदरातून कात्री काढली, टाचा उचलून तो धागा कापला, सरिताच्या तळहातावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली. पिशवी हातात होती आणि नारळ तिच्यात बरोबर बसला होता.